तो दुकानदार वंशद्वेष्टा नाही. मी तिथेच होते.

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सरळ पुढे जा.

गेल्या आठवड्यात एक पोस्ट आपल्या बहुतेक सगळ्या ग्रुपांवर फिरली. टोकियोतल्या मराठी ग्रुपवर आली, पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आली, माझ्या शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर तर तीनदा आली. मजकूर थोडक्यात असा : कप्पाबाशीतल्या एका दुकानात भारतीय माणसाला सुरी विकली नाही. खिशात पैसे असताना विकली नाही. जपानी लोक वरून वाकून नमस्कार करतात पण आतून वंशद्वेष्टे असतात. सोबत दुकानाच्या पाटीचा फोटो आणि एक स्टार द्यायचं आवाहन. खाली कमेंट्सचा पाऊस. "बॉयकॉट करा", "आपल्या वकिलातीला कळवा", "आमच्या टूरमध्येही असंच झालं".

मला टॅग करून विचारणारेही होते. "तू इतकी वर्षं तिथे आहेस, तुझं काय मत?"

माझं मत नंतर. आधी एक माहिती. ती सुरी घ्यायला गेलेल्या माणसाबरोबर दुकानात मी उभी होते. दुकानदाराचं जपानी मराठीत आणि त्यांचं मराठी जपानीत मीच करत होते. ते माझ्या नवऱ्याचे मावसभाऊ, आमचे दादा. वहिनींसह आठ दिवस आमच्याकडे राहिले. दादांना मी फोन करून सांगितलंय की मी हे लिहिणार आहे. ते म्हणाले, "लिही, तुझी नाती तू सांभाळ." म्हणून लिहितेय. नाव कुणाचंच घेणार नाही, दादांचंही नाही आणि दुकानाचंही नाही.

ज्यांना कप्पाबाशी माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. उएनो आणि असाकुसा यांच्या मधोमध साधारण ८०० मीटरचा रस्ता. मेट्रोच्या गिन्झा लाइनवर तावारामाची स्टेशनला उतरायचं, पाच मिनिटं चालायचं, कोपऱ्यावरच्या इमारतीवर शेफच्या टोपीतलं एक राक्षसी आकाराचं डोकं दिसलं की पोचलात. १७०च्या आसपास दुकानं. १९१२च्या सुमाराला इथे एका नाल्याच्या दोन्ही काठांवर जुन्या सामानाचे विक्रेते बसायला लागले, त्याचा हा बाजार झाला. हॉटेल काढायचं असलेल्या माणसानं सकाळी या टोकाला शिरावं आणि संध्याकाळी त्या टोकाला बाहेर पडावं, तोवर त्याचं हॉटेल तयार : भांडी, वाट्या, चॉपस्टिक, दारावरचा कापडी पडदा, कागदी कंदील, मेनूकार्डाची पाकिटं, शेफचे कपडे, गल्ल्याचं मशीन, आणि दर्शनी काचेत ठेवायला प्लॅस्टिकची हुबेहूब नूडल्स. फक्त स्वयंपाक त्याचा त्यानं करायचा.

म्हणजे हा मुळात धंदेवाल्यांचा बाजार. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझा या रस्त्याशी संबंध पर्यटकाचा नाही. मी डब्यांचा छोटा व्यवसाय करते. परवाना काढला तेव्हा पहिलं मोठं पातेलं मी तिथून घेतलं, सुपासाठी वापरतात ते उंच, सरळ भिंतींचं. आमटीला उत्तम. आजही डब्याची झाकणं, डाव, चाळण्या, ठोक्यांची नक्षी असलेली ॲल्युमिनियमची पातेली, सगळं तिथलंच. काही दुकानदार मला ओळखतात. एक आजी मला "करी-सान" म्हणतात, माझं आडनाव त्यांना उच्चारता येत नाही. राग येत नाही. मलाही त्यांचं आडनाव दोन वर्षं चुकीचंच येत होतं.

तर आता त्या दिवशी काय झालं ते.

शनिवार होता. दुपारचे साडेचार वाजलेले. तिथली बरीच दुकानं पाचच्या सुमाराला बंद होतात आणि रविवारी अनेक उघडतच नाहीत, म्हणून दादांची घाई चाललेली. दादांनी फोनवर एका सुरीचा व्हिडिओ ठेवला होता. लांब, अरुंद, तलवारीच्या धाकट्या भावासारखी. तिला यानागिबा म्हणतात, विलोच्या पानासारखी म्हणून. कच्च्या माशाचे काप एका ओढीत काढायची ती सुरी. दादांना २७ सेंटिमीटरची हवी होती. "हीच. ओरिजिनल जपानी."

दुकानदार सत्तरीच्या पुढचे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "नानि ओ किरु नो?" काय कापणार?

मी विचारलं. दादा म्हणाले, "सगळंच. भाजी, कांदा, हाडासकट चिकन, नारळ." वहिनी मागून म्हणाल्या, "कापणार तर मीच. यांनी कधी कोथिंबीर तरी निवडलीय का?"

मी भाषांतर केलं. वहिनींचं वाक्य गाळलं.

म्हाताऱ्यांनी मान हलवली, सुरी पुन्हा काचेच्या कपाटात ठेवली आणि खालच्या खणातून दुसरी काढली. सांतोकु, साडेसोळा सेंटिमीटर, स्टेनलेस. किंमत पहिलीच्या एक तृतीयांशाहून कमी. म्हणाले, ही न्या. भाजीला, मटणाला, रोजच्याला हीच. हाडावर मात्र हीसुद्धा मारू नका.

इथे पहिली ठिणगी पडली. दादा मराठीत म्हणाले, "ह्याला वाटतंय आपल्याला परवडत नाही." मी म्हटलं, तसं नाहीये. तोवर दादांनी स्वतःच कपाटाकडे हात केला, म्हाताऱ्यांनी जरा नाइलाजानं ती लांब सुरी पुन्हा बाहेर काढून दिली. दादांनी ती उचलली, हवेत एकदा फिरवली, आणि दुसऱ्या हातानं मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. म्हाताऱ्यांनी भिंतीवरच्या "फोटो काढू नये" या पाटीकडे बोट दाखवलं. दादा म्हणाले, "विकत घेतोय ना, मग फोटोला काय?" मग डिस्काउंट विचारलं. मी ते विचारणार नाही म्हटलं तर कॅल्क्युलेटरवर आकडा टाइप करून त्यांच्यासमोर धरला. वीस टक्के कमी.

तेव्हा ते म्हणाले, "सुमिमासेन. उरेमासेन." माफ करा, विकता येणार नाही.

आणि मला उद्देशून आणखी एक वाक्य म्हणाले. ते वाक्य मी दादांना तिथेच सांगितलं होतं, फुटपाथवर पुन्हा सांगितलं होतं, घरी जेवतानाही सांगितलं होतं. फिरलेल्या पोस्टमध्ये ते कुठेच नाही.

"हे डावखुरे आहेत. ही सुरी उजव्या हाताची आहे."

दादा डावखुरे आहेत. तीस वर्षं ओळखते मी त्यांना, कॅरम डाव्या हातानं खेळतात, पण माझ्या डोक्यात त्या क्षणी ते आलं नाही. म्हाताऱ्यांच्या मात्र त्यांनी सुरी उचलल्या क्षणी लक्षात आलं.

याचा अर्थ काय ते सांगते, कारण सगळं भांडण इथे आहे. आपली घरातली सुरी दोन्ही बाजूंनी घासलेली असते, व्ही आकाराची. यानागिबा, देबा, उसुबा या पारंपरिक जपानी सुऱ्या एकाच बाजूनं घासतात. उजव्या हाताच्या सुरीत उजवीकडची बाजू उतरती आणि डावीकडची सपाट, खरं तर किंचित खोलगट. त्यामुळेच काप सुरीला न चिकटता सुटतो. ती डाव्या हातात धरली की सगळं उलटं होतं. सुरी सरळ खाली न जाता तिरकी पळते. जोर लावला की आणखी पळते. तीक्ष्ण सुरी, २७ सेंटिमीटर, तिरकी पळणारी, आणि समोर नारळ. पुढचं तुम्ही डोळ्यांसमोर आणा. डावखुऱ्यांसाठी उलटी घासलेली सुरी वेगळी बनवतात, ती बहुधा मागवावी लागते आणि महाग असते. मुठीचा आकारसुद्धा पुष्कळदा उजव्या तळहातासाठी एका कडेनं उंचावलेला असतो.

आणि उजव्या हाताच्या माणसानंही या पोलादानं नारळाला हात लावू नये. आपण "कडक म्हणजे मजबूत" असं धरून चालतो. पोलाद जितकं कडक तितकी धार बारीक टिकते, आणि तितकाच तिचा टवका उडतो. हाड, नारळ, फ्रीजरमधून काढलेलं मटण, फणस, सुरण, यातलं काहीही त्या धारेचा जीव घेऊ शकतं. लाल भोपळ्यानंही जाते. आमच्याकडे हे सगळं विळीवर व्हायचं. विळी जागची हलत नाही, आपण वस्तू हलवतो, वर नारळ खवायला पुढे चक्रीही असते. ते वेगळं शस्त्र, हे वेगळं. "जपानी म्हणजे सगळं कापणार" हे आपण व्हिडिओंवरून ठरवलंय. जपानी कारागीर कधीच तसं म्हणाला नव्हता. तो नेमकं उलटं म्हणतो : एका कामाला एक सुरी.

मग मला सांगा, गिऱ्हाइकाला न शोभणारी, न झेपणारी आणि धोक्याची वस्तू तिपटीहून जास्त किमतीला न विकणारा दुकानदार वंशद्वेष्टा कसा? त्यानं निमूट विकली असती तर त्याला पैसे मिळाले असते, दादांना रील मिळाली असती, पाच स्टार मिळाले असते, आणि दोन महिन्यांत सुरीला टवके पडून ती पुण्यातल्या ड्रॉवरमध्ये गेली असती. मग पोस्ट आली असती, "जपानी सुऱ्यांचा नुसता गवगवा."

आता काहीजण म्हणतील, ही तिकडे स्थायिक झाली, आता त्यांचीच बाजू घेणार. थांबा. वंशभेद काय असतो हे मला तुम्ही शिकवू नका.

मी आणि नवरा पहिलं घर शोधत होतो तेव्हा एजंट आमच्यासमोर बसून घरमालकांना फोन करायचा. पहिलं वाक्य, "गिऱ्हाईक परदेशी आहे." पगार, नोकरी, व्हिसा काहीही सांगायच्या आत पहिलं हे. आणि आठपैकी सहा फोन तिथेच संपले. एजंट आमच्याकडे बघून हसून मान झुकवायचा. सातव्यानं विचारलं, "भारतीय? म्हणजे घरात वास येणार." हे मला समजतंय हे एजंटला माहीत नव्हतं. त्या रात्री मी फोडणी दिली नाही. अजून आठवलं की लाज वाटते, त्यांची नाही, माझी, फोडणी न दिल्याची.

हा माझ्या एकटीचा अनुभव नाही. जपानच्या न्याय मंत्रालयानं २०१७ साली परदेशी रहिवाशांची पाहणी प्रसिद्ध केली. मागच्या पाच वर्षांत ज्यांनी घर शोधलं होतं त्यांच्यातल्या सुमारे ३९ टक्के लोकांनी सांगितलं, परदेशी म्हणून घर नाकारलं गेलं. होक्काइदोतल्या ओतारु शहरात एका स्नानगृहानं "फक्त जपानी" अशी पाटी लावली होती. लोक कोर्टात गेले, २००२ साली साप्पोरोच्या न्यायालयानं तो भेदभाव ठरवून भरपाई द्यायला लावली. त्यातला एक फिर्यादी जपानी नागरिकत्व घेतलेला होता, तरी त्यालाही चेहरा बघून अडवलं होतं. आणि तरीही, खासगी व्यवहारातल्या वंशभेदाला सरसकट बंदी घालणारा कायदा या देशात आजही नाही. द्वेषपूर्ण भाषणाविरुद्ध २०१६चा कायदा आहे, पण त्यात शिक्षा नाही.

म्हणजे तक्रार करायला इथे भरपूर जागा आहे. मी स्वतः करते. म्हणूनच मला राग येतो. वंशभेद हा शब्द आम्हाला लागतो हो! घर मिळत नाही तेव्हा लागतो, पोलीस रस्त्यात आमच्याच पोरांना थांबवून ओळखपत्र मागतात तेव्हा लागतो. तो तुम्ही वीस टक्के डिस्काउंट न मिळाल्यावर खर्च केलात तर आम्ही उद्या कुठला शब्द काढायचा? तुम्ही आठ दिवसांत विमानात बसून जाता. ज्या दुकानाला तुम्ही तीनशे लोकांकडून एक-एक स्टार देववलात तिथे सोमवारी सकाळी झाकणं घ्यायला मी जाते.

दुकानदार फार गोड बोलले असं मी म्हणत नाही. नाही बोलले. तुटक बोलले. दिवसभर गर्दी सोसून माणूस थकलेला होता, ते चेहऱ्यावर दिसत होतं. सुरी हवेत फिरवल्यावर त्यांनी जो श्वास घेतला तो मलाही ऐकू आला. काही दुकानांत "हात लावू नका, फोटो नको, भाव नको" अशा पाट्या फक्त इंग्रजीत असतात, जपानीत नसतात. ते मला खटकतं. जपानी गिऱ्हाईक काय देवाचा अवतार? पाटी लावायची तर सगळ्यांसाठी लावा, हे मी एका ओळखीच्या दुकानात बोलूनही दाखवलंय. त्यांनी जपानीतली पाटी लावली. खालच्या कोपऱ्यात, पण लावली.

आता भाव करण्याबद्दल.

"अगं, बाजार आहे, भाव करायचाच असतो." हे मी आजवर आलेल्या निदान पंधरा पाहुण्यांकडून ऐकलंय. तुळशीबागेत करा ना, तिथला दुकानदार भाव होणार हे धरूनच किंमत सांगतो. तो खेळ दोघांना माहीत असतो. इथे किमतीची चिठ्ठी वस्तूवर लावलेली असते आणि ती मला, शेजारच्या रामेनवाल्याला आणि तुम्हाला एकच असते. मी दहा वर्षं माल घेते, मला घाऊक दर मिळतो तो शंभर झाकणं घेते म्हणून, ओळख आहे म्हणून नाही.

आणि त्या किमतीत काय बसलंय ते तरी बघा. साकाई हे ओसाकाजवळचं शहर, व्यावसायिक शेफच्या सुऱ्यांसाठी प्रसिद्ध. तिथे एक सुरी एक माणूस बनवत नाही. लोखंडाला पोलाद जोडून ठोकून आकार देणारा लोहार वेगळा, धार काढणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा. तिघांच्या तीन कार्यशाळा, तीन संसार. यांतला एकजण निवृत्त झाला आणि मागे कुणी नसलं की बाकी दोघांचं कामही अडतं. जपाननं पारंपरिक हस्तकलांसाठी १९७४ साली खास कायदा केला, साकाईच्या सुऱ्या, इवातेचं नाम्बु लोखंडकाम, गिफूची मिनो मातीभांडी, सगळ्यांना मान्यतेचा शिक्का दिला. शिक्का मिळाला म्हणून पोरगा बापाच्या भट्टीवर बसतोच असं नाही. या हस्तकलांचं एकूण उत्पादन १९८०च्या दशकातल्या शिखरापेक्षा आज कितीतरी खाली आहे. वाजिमाची लाखेची वाटी बघा. शंभरावर टप्प्यांतून जाते. १ जानेवारी २०२४ला नोतो भागात भूकंप झाला, वाजिमाची सकाळच्या बाजाराची अख्खी आळी जळाली, सप्टेंबरात तिथेच पूर आला. त्या गावची वाटी कप्पाबाशीत बघून आमच्या एका पाहुण्याबाई म्हणाल्या, "लाकडाच्या वाटीला एवढे? मेलामाइनची अशीच दिसते." दिसते खरी.

दादा कसबा पेठेत वाढलेले. तांबट आळी त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. तांब्यावर हातोडीनं एकेक ठोका देत माठारकाम करणारी माणसं त्यांनी लहानपणापासून पाहिलीत, तो ठोक्यांचा आवाज त्यांच्या कानात असणार. मी फुटपाथवर त्यांना तेच विचारलं. "दादा, आळीतला बंब शेवटचा कधी घेतलात?" ते म्हणाले, विषय बदलू नकोस. बरं, नाही बदलत.

भाव करणाऱ्यांपेक्षा मला जास्त राग आहे तो आपल्या इथल्याच मंडळींचा. हो, टोकियोतल्या. आता चिडाल, चिडा.

इथे पर्यटकाला १० टक्के उपभोग कर माफ होतो, एका दुकानात एका दिवसात ५,००० येनच्या वर खरेदी केली तर. पासपोर्ट दाखवायचा आणि माल देशाबाहेर न्यायचा, ही अट. आपण इथे राहणारे त्यात बसत नाही. मग काय करतो? पाहुणा आला की त्याला कप्पाबाशीला नेतो, त्याच्या पासपोर्टवर स्वतःच्या घरासाठी कढई, राइस कुकर, डिनर सेट घेतो. पाहुणा रिकाम्या बॅगेनं परत जातो. "दहा टक्के वाचले!" म्हणून स्टेटस टाकतो. याला हुशारी म्हणत नाहीत, करचुकवेगिरी म्हणतात. पुण्यात कुणी बिलाशिवाय माल घेतला की आपणच देशाच्या भवितव्यावर निबंध लिहितो. फक्त आपणच असं करतो असं नाही, सगळ्या देशांचे लोक करतात, पुन्हा विकायला माल उचलणाऱ्या टोळ्याही होत्या. म्हणूनच सरकारनं पद्धत बदलायचं ठरवलं : १ नोव्हेंबर २०२६पासून दुकानात पूर्ण कर भरायचा, विमानतळावर माल देशाबाहेर जातोय हे तपासलं की मग परतावा. त्यामुळे प्रामाणिक पर्यटकाला रांग. त्यावरही आपल्याच लोकांची पोस्ट येईल, "जपान परदेशी लोकांना छळतोय."

आणि हो, दोन भावांची चर्चा. जपानमध्ये सध्या बऱ्याच ठिकाणी बोललं जातंय, परदेशी पर्यटकाला वेगळा, चढा दर लावावा. येन २०२४च्या जुलैत डॉलरला १६०च्या पलीकडे पडला, त्या वर्षी ३ कोटी ६८ लाखांहून जास्त परदेशी पाहुणे आले, आणि इथल्या माणसाचे पगार काही त्या वेगानं वाढले नाहीत. त्यामुळे त्याला वाटतं, आपल्याच गावात आपण गरीब झालो. हे वाटणं मी समजू शकते. पण दर चेहऱ्यावरून ठरायला लागला तर पहिली मी मरणार. माझा चेहरा पर्यटकाचा आणि माझं कर भरल्याचं पत्र रहिवाशाचं. हिमेजीच्या किल्ल्यानं मार्च २०२६पासून केलं ते वेगळं : शहरात राहणाऱ्याला १,००० येन, बाहेरच्याला २,५००. बाहेरचा म्हणजे टोकियोचा जपानीसुद्धा. त्याला माझी हरकत नाही, कारण तिथे पत्ता विचारतात, कातडी नाही. कप्पाबाशीत मात्र अजून तरी मला एकच चिठ्ठी, एकच किंमत दिसलीय. ती तशीच राहायला हवी असेल तर आपणही तिच्यावर कॅल्क्युलेटर धरू नये.

पर्यटक नकोत, असं मी म्हणत नाहीये. करोनाच्या काळात मी तो रस्ता बघितलाय. हॉटेलं बंद, मग त्यांना सामान विकणारे कुणाला विकणार? शटरं खाली. आज त्या दुकानांत परदेशी गिऱ्हाईक आलं म्हणून कित्येकांनी तग धरलाय, इंग्रजी, चिनी बोलणारी तरुण पोरं कामाला लावलीत. एक दुकानदार मला म्हणाले, पूर्वी शेफ यायचे तेव्हा मी ऐकायचो, आता मी बोलतो. खूष होते की दुःखी ते कळलं नाही. पण रस्ता बदलतोय. पूर्वी जिथे पेस्ट्रीचे साचे होते तिथे फ्रीजला लावायचे सुशीचे मॅग्नेट आलेत. मागच्या महिन्यात मी दहा झाकणांसाठी चाळीस मिनिटं उभी होते, कारण पुढे एका टूरची पासपोर्ट नोंदणी चालली होती. माझ्यामागे इझाकायाचा एक पोऱ्या, हातात एकच डाव. त्याचं दुकान पाचला उघडणार होतं. तो डाव ठेवून निघून गेला. एका डावाचं गिऱ्हाईक असंच जातं, आणि ते परत येत नाही, ऑनलाइन मागवतं. असं पाच वर्षं चाललं की हा धंदेवाल्यांचा बाजार राहणार नाही, धंदेवाल्यांच्या बाजारासारखं दिसणारं एक ठिकाण राहील. आणि मग तिथे "काय कापणार?" विचारणारं कुणी उरणार नाही.

तेव्हा जाणारच असाल, आणि जाच, तर माझ्या अनुभवातल्या चार गोष्टी, सुचतील तशा.

शनिवारी जाऊ नका, आठवड्यात सकाळी जा. लोखंडी किटली घेताना आतून बघा : आत काचेसारखा मुलामा असेल तर ती फक्त चहा मुरवायची, गॅसवर ठेवायची नाही. मुलामा नसलेली ती पाणी उकळायची, तिच्यात दूध घालून आल्याचा चहा करू नका, आमच्या एका काकांनी केलाय. मातीचं दोनाबे घेतलंत तर पहिल्यांदा त्यात भाताची पातळ पेज शिजवून घ्या, म्हणजे बारीक भेगा भरतात, आणि ओल्या बुडानं गॅसवर चढवू नका. घरी इंडक्शन असेल तर आधी विचारा. वाट्या-बशांचे सेट इथे पाचाचे असतात, सहावी मागून दुकानदाराला संकटात टाकू नका. आणि भाताची वाटी हातात धरून खायची म्हणून लहान असते. "एवढीशी?" असं म्हणू नका, पोह्यांसाठी ती बनवलेलीच नाही.

सुरी घेतलीत तर बांधून घ्या, बांधलेलीच हॉटेलवर न्या, आणि विमानात चेक-इन बॅगेत. सहा सेंटिमीटरहून मोठं पातं विनाकारण बाळगणं इथे गुन्हा आहे. सेल्फीसाठी असाकुसाच्या देवळासमोर ती बाहेर काढणं हे कारण धरत नाहीत.

आणि तुम्हाला "काय कापणार?" असं विचारलं तर खरं सांगा. "वर्षातून दोनदा गाजर" हेही उत्तर चालतं. मी इथे नवीन असताना याच रस्त्यावर मलाही एका दुकानात नकार मिळाला होता. मला पोलादी सुरी हवी होती, गंजणारी, खरी. दुकानातल्या बाईंनी विचारलं, धार लावता येते? म्हटलं, नाही. पुसून ठेवाल रोज? म्हटलं, प्रयत्न करीन. त्यांनी स्टेनलेसची दिली आणि एक हजार नंबरचा दगड दिला. म्हणाल्या, यावर शिका, मग या. मलाही तेव्हा अपमान वाटला होता, घरी येऊन नवऱ्याकडे पुष्कळ बोलले. तीन वर्षांनी गेले. त्यांनी माझी जुनी सुरी मागून घेतली, धारेवरून अंगठा आडवा फिरवला आणि काही न बोलता पोलादी नाकिरी काढून दिली. पात्यावर माझं नाव छिन्नीनं ठोकून दिलं, कातकाना लिपीत. त्यात एक अक्षर चुकलंय. राहू दिलं.

परवा मी त्या म्हाताऱ्यांच्या दुकानात गेले होते. माफी मागायला म्हणून गेले, पण रिव्ह्यूंचं त्यांना माहीतच नव्हतं, ते इंटरनेट बघत नाहीत. त्यांच्या सुनेला माहीत होतं. तिनं मला डोळ्यांनीच "यांना सांगू नका" म्हटलं. म्हातारे म्हणाले, तुमचे ते डावखुरे पाहुणे, त्यांना हवीच असेल तर डाव्या हाताची मागवता येईल. तीन महिने लागतील. पण आधी त्यांना विचारा, मासे खातात का.

दादा, मी विचारतेय. मासे खाता का? आणि तेवढा तो एक स्टार काढा.